उपाशीपोटी साखर येते कुठून?

"रातच्याले निस्ती अर्धी भाकर खाल्ली, डॉक्टरसाहेब. मंग सकाळी शुगर काऊन वाढली?"

घाटाखालच्या गावातला पन्नाशीचा शेतकरी रिपोर्ट माझ्यापुढे धरून विचारत होता. उपाशीपोटी १६८. वजन ५८ किलो, अंगाने सडपातळ. चहातली साखर चार महिन्यांपूर्वीच सुटलेली. बुलडाणा जिल्ह्यात रुग्ण तपासायला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांत मी अशा माणसाला "काहीतरी चुकून खाल्लं असेल" असं म्हणून मोकळा होत असे. तो त्यांच्यावर अन्याय होता. त्या खरं सांगणाऱ्या माणसांना मी खोटं ठरवलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

ती साखर ताटातून आलेली नसते, यकृतातून आलेली असते. आपल्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चमचाभर साखर फिरत असते. मेंदू ती रात्रभर खर्च करतो, म्हणून यकृत झोपेतही ती थोडी थोडी रक्तात सोडत राहतं. साठ किलोच्या निरोगी माणसात तासाला साधारण ७ ग्रॅम. यकृताचा हात आवरता ठेवणं हे इन्सुलिनचं काम. यकृताने त्याचं ऐकणं सोडलं की रक्तात साखर असतानाही ते नवी साखर बनवून ओतत राहतं. अर्धी भाकर खाऊन झोपलेल्या माणसाची सकाळची साखर अशी वाढते.

मग इन्सुलिनच कमी पडतं का? बराच काळ तसंच मानलं जायचं. १९६० मध्ये रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं इन्सुलिन मोजण्याची पद्धत मांडली. उतारवयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन भरपूर निघालं. माल होता, पण त्याला दाद मिळत नव्हती. यालाच आम्ही इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतो.

इथल्या माणसाला हे सांगताना मी कापसाचा दाखला देतो. खामगावला १८७० साली जलंबहून रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच, त्यामुळे तो दाखला इथे लगेच पटतो. हंगामात जिनिंगच्या गेटबाहेर गाड्यांची रांग लागते. आवार आधीच भरलेलं असलं तर गेटवरचा माणूस कितीही ओरडला तरी गाडी रिकामी होत नाही. इन्सुलिन हा तो गेटवरचा माणूस. जेवणानंतरच्या साखरेचा मोठा वाटा स्नायूंनी उचलायचा असतो. इन्सुलिनची हाक पोचली की पेशीच्या आतले ग्लुट-४ नावाचे वाहक वर पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढतात. पण स्नायूच्या पेशीत चरबीचे अंश साचलेले असले, तर ती हाक मध्येच अडते आणि वाहक वर येत नाहीत. स्वादुपिंड मग आणखी इन्सुलिन पाठवतं आणि वर्षानुवर्षं तसं करता करता थकतं. शिवाय चढलेली साखर दीर्घकाळ तशीच राहिली तर तीच पेशींना आणखी बधिर करते. म्हणून मी सुरुवातीलाच औषधाचा आग्रह धरतो. "अजून काही तरास नाही, मंग गोळी कायले?" याला माझं उत्तर हेच.

"पण मी कुठं जाड आहो?" हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर आपल्या पुण्यात शोधलं गेलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक शेजारी-शेजारी काढलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. याज्ञिकांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. साखर साठवायचं गोदाम जन्मापासूनच लहान. बाळाची ही घडण आईच्या पोषणाशी जोडलेली, म्हणून आमच्या जिल्ह्यात निंदणी-वेचणीला जाणाऱ्या गरोदर बाईला मी आता रक्तातलं लोह विचारतो तसंच बी-१२ देखील विचारतो.

स्नायूंचा एक गुण मात्र मला फार दिलासा देतो. स्नायू आकसला की ग्लुट-४ इन्सुलिनच्या हाकेशिवायही वर येतात. जेवून उठल्यावर पंधरा मिनिटं चाललं तरी साखर आत जायला वाट मिळते. शेतात ट्रॅक्टर, फवारणी आणि पेरणीची यंत्रं आली, कष्ट हलके झाले, ते व्हायलाच हवे होते. पण जेवणाचं माप तेच राहिलं.

त्या शेतकऱ्याला गोळी लिहून देत होतो, ती यकृताचा हात आवरणारी मेटफॉर्मिन. सोबत त्याची बायको आणि चौदा वर्षांचा मुलगा होता. मुलगा वळला तेव्हा मानेमागे मखमलीसारखा जाड काळा पट्टा दिसला. रक्तात इन्सुलिन फार झालं की तिथल्या कातडीच्या पेशी अशा वाढतात.

"रोज दगडानं घासतो, साहेब," आई ओशाळून म्हणाली. "मळ निंगतच नाही."

"घासू नका बाई, मळ नाही तो," मी म्हणालो, आणि मापाची पट्टी घेऊन मुलाला जवळ बोलावलं.