बाळंतिणीची रात्र
कन्नडमध्ये ‘बाणंती’, मराठीत ‘बाळंतीण’. दोन्ही शब्दांमागे एकच रिवाज आहे : शेक, धुरी, आयते ताट, विश्रांती. हा रिवाज माहेर गृहीत धरतो. म्हैसूरला संसार थाटलेल्या त्या सोलापूरच्या मुलीची आई हयात नव्हती. केंद्र सरकार १९९७ पासून पुरुष कर्मचाऱ्यास, दोन अपत्यांपर्यंत, १५ दिवसांची पितृत्व रजा देते. पतीने ती घेतली आणि पाहुण्यांच्या सरबराईत घालविली. रात्रीची जागरणे तिच्याकडेच राहिली. बाळंतिणीला नाव आहे; तिच्याबरोबर जागणाऱ्या पित्यासाठी मात्र मराठीत शब्द नाही. अखेर एका पहाटे तिने रडते बाळ पतीच्या मांडीवर ठेवले. “अहो, याला घ्या. मला झोपायचंय,” एवढेच म्हणून तिने दार लावून घेतले. रडणे थांबायला बराच वेळ लागला, परंतु थांबले.