कुसळ

दिवाळीची सुट्टी लागली, की आम्हां मुलांचे पाय आपोआप जोतिबाच्या डोंगराकडे वळत. पावसाळ्यात हिरवेगार दिसणारे त्याचे उतार तोवर तांबूस-पिवळे झालेले असत. वारा सुटला, की साऱ्या माळावरून लाटांमागून लाटा धावत जात. दुरून ते दृश्य मोठे मोहक वाटे. पण त्या गवतात पाऊल टाकण्याचाच अवकाश, की कपड्यांत शेकडो कुसळे शिरत. एक उपटावे, तो दुसरे टोचे. म्हणून तर या गवताला 'कुसळी गवत' असे नाव पडले आहे.

कुसळ आणि मुसळ यांची म्हण आम्ही शाळेत शिकलो होतो. पण खरोखरीचे कुसळ डोळ्यात गेले म्हणजे काय होते, हे मी त्या डोंगरावरच पाहिले. एका दुपारी एक वृद्ध धनगर आजोबा कोकराला मांडीवर घेऊन बसले होते. कोकराचा डोळा सुजून मिटला होता. त्यातून सारखे पाणी गळत होते. आजोबांनी दोन बोटांनी पापणी उघडली आणि आतले कुसळ अलगद ओढून काढले. कोकरू जिवाच्या आकांताने ओरडले. त्याचे ते केविलवाणे ओरडणे ऐकून माझा संताप अनावर झाला. शेंगा भाजण्यासाठी आणलेली काड्यापेटी माझ्या खिशात होतीच. ती काढून मी म्हणालो, "आजोबा, हे सारे गवत जाळूनच टाकतो!"

आजोबांनी माझे मनगट घट्ट धरले. "अरं पोरा, जाळतोस काय? सारा पावसाळा ह्याच गवतानं माझी मेंढरं जगवली. कवळं हाय तवर चारायचं आन् कुसळ धरायच्या आत कापून गंजी लावायची. औंदा कापायला उशीर झाला. चूक माणसाची हाय, गवताची न्हवं!"

मी शरमेने मान खाली घातली. घरी परतल्यावर सदऱ्यातील कुसळे काढून मी ती सहज एका ओल्या फडक्यावर ठेवली. थोड्याच वेळात ती हळूहळू गरगर फिरू लागली! मी चकितच झालो. वाळलेल्या गवतात हा जीव कोठून आला?

त्याचा उलगडा मला पुढे वनस्पतिशास्त्र शिकताना झाला. या गवताचे शास्त्रीय नाव 'हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस' असे आहे. 'कॉन्टॉर्टस' म्हणजे पिळलेला. कुसळाच्या एका टोकाला सुईसारखे अणकुचीदार बी असते. त्यावर मागे वळलेले बारीक केस असतात. दुसऱ्या टोकाला दोरीसारखा पीळ बसलेली लांब शेपटी असते. दवाने ती ओली झाली, की पीळ सुटतो. उन्हाने वाळली, की पुन्हा बसतो. आसपासच्या काड्यांत शेपटी अडकली, की तिच्याऐवजी बीच फिरू लागते. मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. अशा रीतीने सुताराच्या गिरमिटाप्रमाणे ते थोडे थोडे मातीत शिरते. युरोप व आशिया या खंडांतील कोरड्या गवताळ प्रदेशांना 'स्टेप' म्हणतात. तेथील 'स्टिपा' नावाच्या गवताचीही हीच युक्ती आहे. चार्ल्स डार्विन यांचे पुत्र फ्रान्सिस डार्विन यांनी १८७६ साली तिचे वर्णन केले. आम्हांला टोचणारे, कोकराला रडवणारे ते कुसळ म्हणजे मातीचा शोध घेणारे एक बी होते!

त्या दिवशी मी काडी ओढली असती, तर काय झाले असते? मातीत शिरलेले बी वणव्यातून वाचले असते. जळालेल्या बुंध्यांतून पावसाळ्यात नवे कोंब फुटले असते. ज्याच्यावर मी रागावलो होतो, त्या गवताचे फारसे काहीच बिघडले नसते. जळाली असती ती झाडांची कोवळी रोपे, पाखरांचा निवारा आणि गुरांची उन्हाळ्यातील वैरण. मग वळवाच्या पहिल्या सरीने उघडी पडलेली माती डोंगरावरून वाहून गेली असती.

आजही उन्हाळ्यात आमच्याकडील डोंगरांवर वणवे पेटतात. रात्रीच्या अंधारात दूरवर ती तांबडी रेघ दिसली, की माझा हात नकळत मनगटाकडे जातो. आजोबांची ती घट्ट पकड मला अजून तेथे जाणवते.