आरास आणि वाटणी

सणाची आरास ही केवळ शोभेची गोष्ट नव्हे. माळ्यावरची पेटी खाली उतरते, आजीच्या हातचे मण्यांचे तोरण दाराला लागते, चिंचेने घासलेल्या समया उजळतात आणि वर्षभर कोणी न उच्चारलेली माणसांची नावे त्या दिवशी घरात सहज उच्चारली जातात. चवथीच्या मखराविषयी हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. नाताळाच्या आराशीविषयीही ते तितकेच खरे आहे, इकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

बेळगावकरांना हा सण परका नाही. १९५३ साली येथे स्वतंत्र ख्रिस्ती धर्मप्रांत स्थापन झाला. आणि गोव्याहून आलेली ख्रिस्ती घरे तर खडेबाजारच्या गिऱ्हाइकांपैकीच. त्यांच्या आराशीचा प्राण म्हणजे गोठा. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने गव्हाणीचा देखावा मांडला, तेव्हापासून ही प्रथा जगभर रूढ झाली. गवत दरवर्षी नवे येते, बाहेर टांगायची कागदी चांदणीही नवी येते. मूर्ती मात्र बहुधा जुन्या असतात. कान तुटलेला मेंढा किंवा रंग उडालेला मेंढपाळ कोणी टाकून देत नाही. बाळ येशूची गव्हाण नाताळच्या रात्रीपर्यंत अनेक घरी रिकामी ठेवतात. आपल्या मखरातील चौरंगही गणपती येईपर्यंत रिकामाच असतो! चवथीच्या नेवऱ्या तिकडे जातात, नाताळच्या नेवऱ्या इकडे येतात. पदार्थ तोच, ताट तेवढे निराळे.

याचे नवल वाटण्याचे कारण नाही. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. त्यांच्याबरोबर काही कुटुंबे निघाली, काही मागे राहून नव्या धर्मात गेली. पूर्वजांची वस्तू जपण्याची ओढ दोघांचीही कायम राहिली.

ही ओढ कसोटीस लागते ती वाटणीच्या वेळी. गोव्यात पोर्तुगीज अमदानीतून आलेली आणि २०१२ च्या कायद्यातही कायम राहिलेली ‘इन्व्हेंटरी’ हिंदू व ख्रिस्ती दोघांनाही एकच आहे. मयताच्या मालमत्तेची यादी होते, किंमत ठरते आणि प्रसंगी वारस आपसांत बोली लावतात. त्या यादीत लामणदिवा म्हणजे पितळेचे वजन आणि गोठा म्हणजे मातीची खेळणी. आमच्याकडील वाटणीपत्रांची तऱ्हाही फारशी निराळी नाही. शेताच्या चतुःसीमा बोटाबोटाने लिहिल्या जातात आणि सणाची भांडी ‘किरकोळ जंगम’ या दोन शब्दांत आटोपतात. पुढे एका भावाकडे समयांची जोडी फुटून एकच समई येते आणि दोन्ही घरी आरास अपुरी राहते.

वस्तुतः कायदा इतका कोरडा नाही. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यातील एका सेवेकऱ्याला आपल्या पाळीत कुलदैवताची मूर्ती स्वतःच्या घरी न्यावयाची होती. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की, मूर्ती ही निव्वळ जंगम चीज नव्हे. तिचे हित मांडण्यास त्रयस्थ प्रतिनिधी हवा, आणि घरातील स्त्रियांनाही आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. समई किंवा मेंढपाळ यांना देवतेचा हा दर्जा नाही, हे खरे. परंतु त्या निकालामागील विचार घरगुती वाटणीलाही लागू पडण्यासारखा आहे. वस्तू कोणाची, यापूर्वी ती कोठे, केव्हा आणि कोणासाठी मांडली जात होती, हे विचारावे. तोरण ओवणारे आणि पेटी बांधून ठेवणारे हात बहुधा बायकांचे असतात. २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबात मुलीलाही मुलाइतकाच वाटा आहे. तेव्हा हा प्रश्न तिला वगळून सोडवता येणार नाही.

आमचे सांगणे एवढेच, की वाटणीपत्रात सणाच्या वस्तूंसाठी एक निराळे कलम घालावे. प्रत्येक वस्तूचे नाव लिहावे, सारा संच एका घरी ठेवावा, आणि सणाच्या दिवशी तेथे येऊन आरास मांडण्याचा हक्क सर्व भावंडांना द्यावा. संच सांभाळणाऱ्याने तो मोडू नये, विकू नये. अशा कलमास मुद्रांकाचा वेगळा कागद लागत नाही. एकमेकांच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवण्याची तयारी मात्र लागते. ज्या भावंडांना तेवढेही जमत नाही, त्यांच्या घरी समयांची जोडी पुरी असली तरी ती कोणासाठी लावावयाची?