आता सॅक आमच्या पाठीवर

पहिली गोष्ट म्हणजे, तिथे कुणी हॉर्न वाजवत नाही!

परत आल्यापासून आमच्या वाळूजच्या बजाजनगरात भेटेल त्याला मी हेच सांगतेय आणि कुणाचाही विश्वास बसत नाहीये. नोव्हेंबर 2024, बुधवार, संध्याकाळची वेळ. बँकॉकच्या विमानतळावरून शहरात येणाऱ्या बसमध्ये आम्ही दोघं, मांडीवर सॅक, नाक काचेला चिकटलेलं. बाहेर गाड्याच गाड्या. रस्ता पार तुंबलेला, गुलाबी टॅक्सी, हिरवी-पिवळी टॅक्सी, आणि त्यांच्या फटीफटीतून नारिंगी जाकीट घातलेले मोटरसायकलवाले. आणि आवाज? काही नाही. सिग्नल हिरवा झाला तरी मागचा माणूस पुढच्याच्या नावाने शंख करत नाही. मी नवऱ्याला कोपराने ढोसलं, "अरे, आवाज कुणी बंद केला?" आमच्या नगर रोडला पाळी सुटली की कंपन्यांच्या बस, छोटे हत्ती, रिक्षा आणि मोटरसायकली मिळून जो गलका करतात, त्यात आमचा जन्म गेलाय. इथे कान रिकामे रिकामे वाटायला लागले.

सॅकचं आधी सांगते. लहानपणी औरंगाबादच्या सेंट्रल बसस्टँडवर अजिंठ्याच्या एसटीत चढणारे गोरे लोक मी तोंड उघडं टाकून बघायचे. पाठीवर हे एवढं गाठोडं, पायात साधी चप्पल, हातात पाण्याची बाटली. माझी आई म्हणायची, बिचाऱ्यांना हमाल परवडत नसेल. मला मात्र वाटायचं, यांचं अख्खं घर पाठीवर आहे, म्हणजे यांना वाट्टेल तिथे उतरता येईल! त्या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली. लग्न झालं, वाळूजला आले, नवरा रिक्षाच्या पत्र्याचे भाग दाबणाऱ्या एका छोट्या कंपनीत क्वालिटीला, मी दुसऱ्या एकीच्या अकाउंट्सला. दोघांच्या सुट्ट्या एकत्र येतात त्या फक्त दिवाळीच्या आसपास, आणि त्या नेहमी गावाकडे जातात. 2024 ला मात्र मी हट्टच धरला. औरंगपुऱ्यातून दोन सॅक आणल्या. विमानात हातातल्या सामानाला सात किलोचीच मुभा, म्हणून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या काट्यावर त्या तीनदा मोजल्या. दुकानदार म्हणाला, "वहिनी, गहू दळायला चाललात का?" सासूबाईंचे धपाटे काढले तेव्हा कुठे काटा सातवर आला. मग धपाटे पर्समध्ये घातले.

व्हिसाची कटकट नव्हतीच. 2023 च्या नोव्हेंबरपासून थायलंडने भारतीयांना विनाव्हिसा येऊ दिलं, आणि 2024 च्या जुलैपासून तर मुक्काम 60 दिवसांपर्यंत वाढवला. साठ दिवस! आमच्याकडे होते पाच, कारण 20 तारखेला विधानसभेचं मतदान होतं आणि सासऱ्यांनी बजावलं होतं की कुठेही जा, पण बोटाला शाई लागली पाहिजे.

उतरलो त्या विमानतळाचं नावच सुवर्णभूमी. आणि तिथून जे सुरू झालं ते थांबेचना! इमिग्रेशनच्या खिडकीतली मुलगी हात जोडून म्हणाली, "सवात्दी खा." सवात्दी म्हणजे आपलं स्वस्ति. लग्नपत्रिकेवर असतं ते! बाई बोलत असेल तर शेवटी 'खा' लावायचं, पुरुष असेल तर 'ख्राप'. हे आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी. तोपर्यंत माझ्या मिशीवाल्या नवऱ्याने बसच्या कंडक्टरला, गेस्ट हाउसच्या मालकिणीला, पाणीवाल्याला आणि एका भिक्खूंनाही मोठ्या प्रेमाने "सवात्दी खा" करून झालं होतं. मालकीणबाईंनी तोंडावर हात धरून हसत हसत त्याचं व्याकरण दुरुस्त केलं.

गेस्ट हाउस होतं बांगलाम्फूमध्ये, प्रा आथित रस्त्याच्या मागच्या गल्लीत. आथित म्हणजे आदित्य! टोकाला एक पांढराशुभ्र बुरूज आहे, 1783 सालचा, त्याचं नाव प्रा सुमेन. सुमेन म्हणजे सुमेरू. त्याला लागून नदीकाठची बाग, संतिचाय प्राकान. तिच्यातला 'प्राकान' म्हणजे आपला प्राकार. मी फोनमध्ये अर्थ शोधतेय आणि रस्त्यातच थांबून "अरे ऐक ना, अरे ऐक ना" करतेय, मागचे लोक आम्हाला वळसा घालून चाललेत. वारांची नावं बघा: वान आथित, वान चान, वान आंगखान, वान फुत. आंगखान, म्हणजे मंगळ, म्हणजे आपली अंगारकी ज्याच्यावरून आली तो अंगारक! वेळेला म्हणतात वेला. आहाराला म्हणतात आहान. लिपी बघावी तर जिलेबी, एक अक्षर ओळखीचं नाही, आणि उच्चारलं की आतून आपल्या आजीची पोथी निघते.

नवऱ्याला पोथीत रस नाही, पण एका ठिकाणी तोही अडकला. बँकॉक हे नाव परक्यांनी वापरायचं. तिथले लोक म्हणतात क्रुंग थेप, देवांची नगरी. हेसुद्धा आखूड रूप. खरं नाव इतकं लांबलचक आहे की जगातलं सगळ्यात मोठं स्थलनाम म्हणून त्याची नोंद आहे, आणि त्याच्या अगदी शेवटी येतं की ही नगरी इंद्राने दिली आणि विश्वकर्म्याने बांधली. विश्वकर्मा! ज्याच्या तसबिरीला याच्या प्रेसशॉपमध्ये खंडेनवमीला हार पडतो तोच. "म्हणजे काम आपल्याच माणसाने केलंय," नवरा म्हणाला आणि तेव्हापासून प्रत्येक पुलाचा वेल्ड तपासत चालायला लागला.

त्यामुळे टुक-टुक दिसल्यावर काय झालं असेल ते सांगायला नको. वाळूजच्या माणसाला तीनचाकी म्हणजे काय, हे कुणी शिकवू नये. जगभर चालणाऱ्या बजाजच्या रिक्षा आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा कारखान्यातून निघतात, आणि त्या रिक्षांच्या पत्र्यावर आमच्या घराचा हप्ता चालतो. बँकॉकची टुक-टुक वेगळ्या घराण्यातली. जपानची दायहात्सू मिजेट नावाची छोटी तीनचाकी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी तिकडे आली, तिचा हा वंश. हँडल तेच, पण अंग लांब, छताला निळे-जांभळे दिवे, स्टीलच्या नळ्या आरशासारख्या घासलेल्या. नवरा सरळ उकिडवा बसला आणि मडगार्डच्या कडेवरून बोट फिरवायला लागला. "बर नाहीये," म्हणाला. बर म्हणजे पत्रा कापल्यावर कडेला राहणारं खरखरीत दातरं. हे शोधण्याचाच याला पगार मिळतो. मग टिचकी मारून जाडी अजमावली. ड्रायव्हर आधी घाबरला, मग खूश झाला, मग त्याने सीट उचलून सगळं दाखवलं. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि पंधरा मिनिटं बोलणं चाललं होतं.

एवढी दोस्ती झाल्यावर त्याच्या गाडीत बसणं आलंच. तर तो म्हणाला, राजवाडा आज बंद आहे, पूजा आहे, चला दुसरीकडे नेतो, फक्त 20 बाट. एक बाट म्हणजे तेव्हा अडीच रुपयांच्या आतबाहेर. आम्ही हरखलो. त्याने नेलं एका शिंप्याच्या दुकानात. दुकानदार अस्खलित हिंदीत सूट शिवायचा आग्रह करायला लागला. मग एका खड्यांच्या दुकानात. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, कारण वेरूळला गेल्यावर आपल्याकडचे लोक पाहुण्यांना शालीच्या दुकानात कसे नेतात ते मी पाहिलंय. राजवाडा अर्थातच उघडा होता. राग यायला हवा होता, पण आला नाही. टुक-टुकमधून जे वारं लागलं होतं ना, त्याचेच 20 बाट झाले असं आम्ही ठरवून टाकलं.

खरी चैन बोटीत. चाओ फ्राया नदीवर एसटीसारख्या बोटी धावतात. नारिंगी झेंड्याची बोट, तिकीट तेव्हा 16 बाट, वाटेल तेवढं लांब जा. बोट धक्क्याला टेकते न टेकते तोच मागचा माणूस शिट्टी फुंकतो, दोर टाकतो, लोक टपाटप उड्या मारतात, परत शिट्टी, निघाली! आणि कंडक्टर बाई! तिच्या हातात पत्र्याची एक लांब नळी, उभी चिरून झाकण बसवलेली, आत नाणी आणि तिकिटांची गुंडाळी. गर्दीतून येताना ती नळीचं झाकण उघडझाप करत येते, खडक-खडक, खडक-खडक. तिकिटासाठी तोंड उघडायची गरज नाही. त्याच नळीच्या कडेवर तिकीट ठेवून चट्कन फाडते. मला एकदम जुने एसटी कंडक्टर आठवले, सीटच्या दांड्यावर तिकिटाचा पंच टकटक वाजवत येणारे. आता आपल्याकडे मशीन आलं, तो आवाज गेला. मी बाईच्या नळीचा आवाज रेकॉर्ड केला. ती हसली आणि माझ्यासाठी म्हणून दोनदा जास्त वाजवलं.

ता तिएन धक्क्याला उतरून वात फोच्या देवळात. आत निजलेले बुद्ध, 46 मीटर लांब, 15 मीटर उंच, सोन्याच्या वर्खाने मढवलेले. अजिंठ्याच्या 26 नंबरच्या लेण्यातलं महापरिनिर्वाण आम्ही शाळेच्या सहलीपासून पाहत आलोय, ते सात मीटरच्या आसपास. तिथे दगडातली शांतता आहे, खाली रडणारे शिष्य आहेत. इथे गाभाऱ्याच्या खांबांमधून तुकड्या-तुकड्यानेच मूर्ती दिसते: आधी चेहरा, मग खांदा, मग चालतच राहायचं, चालतच राहायचं, आणि शेवटी तळवे, शिंपल्याच्या चकाकत्या तुकड्यांत काढलेली 108 शुभचिन्हं. पाठीमागच्या बाजूला भिंतीलगत ओळीने 108 काशाच्या वाट्या. 20 बाट देऊन वाटीभर चिल्लर घ्यायची आणि प्रत्येकीत एक नाणं टाकत जायचं. टिंग, टिंग, टिंग. माझी नाणी अठ्ठ्याण्णवाव्या वाटीला संपली. नवऱ्याने त्याच्यातली दिली.

खाण्याचं थोडक्यात सांगते, नाहीतर संपणार नाही. आम्ही अंडं खातो, मासे नाही, आणि तिथे माशांचं खारं पाणी, नाम प्ला, हळदीसारखं सगळ्यात. गेस्ट हाउसच्या मालकिणीने आम्हाला एक मंत्र पाठ करून दिला: "माई साई नाम प्ला", नाम प्ला घालू नका. तो म्हणत गल्लीच्या तोंडाशी सोम ताम खाल्लं. बाई समोर उंच मातीचा खल घेऊन बसलेली, हातात लाकडी बत्ता. लसूण आणि मिरच्या ठेचल्या, ताडाचा गूळ, लिंबू, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, दाणे, आणि वरून हिरव्या पपईचा कीस. एका हाताने बत्ता, दुसऱ्या हातातल्या चमच्याने खालचं वर. "मिरच्या किती?" तिने बोटांनी विचारलं. मी मराठवाड्याची, पाच दाखवल्या. तिने भुवया उंचावल्या, तीन घातल्या. बरं झालं. तीनमध्येच माझ्या कानातून वाफ निघाली आणि नवऱ्याने पर्समधला धपाटा काढून माझ्या हातात ठेवला. त्या बाईलाही अर्धा दिला. तिने वास घेतला, खाल्ला, आणि अंगठा वर करून शेजारणीला दाखवला.

आणि मग शुक्रवार. वान सुक. आम्हाला खरंच माहीत नव्हतं की तो कुठला दिवस आहे! सकाळपासून गल्लीगल्लीत बायका केळीच्या बुंध्याच्या जाड चकत्या घेऊन बसलेल्या, त्यांना केळीच्या पानाच्या टोकदार घड्या टाचण्यांनी टोचत होत्या, मधे झेंडू, तीन उदबत्त्या, एक मेणबत्ती. लॉय क्रथोंग. आज पौर्णिमा, नदीत दिवे सोडायचे. मी कॅलेंडर उघडलं. 15 नोव्हेंबर, कार्तिक पौर्णिमा. त्रिपुरी! सासूबाई दरवर्षी कायगाव टोक्याला जाऊन गोदावरीत द्रोणातले दिवे सोडतात. मी नेहमी काहीतरी कारण काढून टाळते.

संध्याकाळी संतिचाय प्राकानच्या पायऱ्यांवर मुंगीला वाट नव्हती. आषाढीला आमच्या वाळूजच्या छोट्या पंढरपुरात असते तशी दाटी, पण कुणी कुणाला रेटत नव्हतं. शाळेच्या गणवेशातली पोरं, आज्या, नवी जोडपी. दुसऱ्या दिवशी पहाटे पालिकेची माणसं सोडलेले सगळे दिवे नदीतून गोळा करतात आणि मोजून आकडा जाहीर करतात. लाखांच्या घरात जातो. आम्ही पावाचा क्रथोंग, म्हणजे दिव्याचा द्रोण, घेतला, मासे खाऊन टाकतात म्हणून. पायरीवर बसलो तर वारा मेणबत्ती टिकू देईना. तीनदा विझली. शेजारच्या आजींनी काही न बोलता स्वतःची मेणबत्ती तिरकी धरली, आमची पेटवली आणि पेटेपर्यंत तळहाताचा आडोसा धरून बसल्या. मी खुणेने विचारलं, हे कुणासाठी? त्यांनी नदीकडे हात जोडले आणि म्हणाल्या, "मे खोंगखा."

मे म्हणजे आई, हे कालच शिकले होते. खोंगखा मी दोनदा पुटपुटले, आणि मग अंगावर काटा आला.

लगेच सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्या कायगावहून नुकत्याच परतल्या होत्या, अंगावर अजून शाल. मी ओरडून सांगितलं, "आई, आम्हीपण दिवा सोडला! गंगेत!"

"गंगेत?" त्या म्हणाल्या. आमच्याकडे गंगा म्हणजे गोदावरीच. तालुकासुद्धा गंगापूर. "कुठल्या घाटावर आहात गं? मला दिसला नाहीत."

मी फोन नदीकडे वळवला.