जांभळाची पूड

आमच्या माजघरातील फडताळात करड्या पुडीची एक बरणी असे. ज्येष्ठात आम्ही मुले जांभळे खाऊन जिभा रंगवीत असू, आणि आजी बिया धुऊन उन्हात घाली. वाळल्या की त्यांची पूड होई. वडिलांना मधुमेह जडला तेव्हा ती त्यांना चमचाभर मिळू लागली. पुढे तिच्याच भरवशावर त्यांनी इन्सुलिनची सुई सोडून दिली. पायाची जखम चिघळली, ती त्यांना घेऊनच गेली. बरणी मी उकिरड्यावर फेकून दिली.

आज पन्नाशी उलटल्यावर तोच रोग माझ्या वाट्यास आला आहे. परवा थोरल्या बहिणीने तीच पूड धाडली. मला राग आला नाही, याचे माझे मलाच नवल वाटले. इन्सुलिन १९२१ साली टोरांटोत गवसले. त्यापूर्वी युरोपातील डॉक्टरही जांभळाच्या बियांकडे आशेने पाहत. त्या बिचाऱ्या पुडीने वडिलांना कसलेच वचन दिले नव्हते. ते आम्हीच तिच्या तोंडी घातले होते.

डॉक्टरांना विचारून मी ती घेतो. सुई मात्र चुकवीत नाही. जीभ तुरट झाली की आजीचे अंगण आठवते. एवढा गुण तिच्यात निश्चित आहे.