दिल्लीच्या उन्हात लाकूड टिकवायचं तर...

दिल्लीला गेलात की लाल किल्ला, कुतुबमिनार आणि चांदनी चौक तुम्ही पाहालच. पण घर सजवण्याची हौस असेल तर अर्धा दिवस कीर्ती नगरसाठी राखून ठेवा. मेट्रोच्या ब्लू आणि ग्रीन लाइन जिथे एकमेकींना भेटतात, ते पश्चिम दिल्लीतलं हे स्टेशन. बाहेर पडलं की एका बाजूला फर्निचरची दुकानं आणि दुसऱ्या बाजूला लाकडाच्या वखारी. हवेत भुशाचा आणि स्पिरिटचा वास असतो. टेम्पोवर ओंडके, हातगाडीवर पलंगाचे पाय आणि गल्लीच्या कडेला खुर्च्या घासत बसलेले कारागीर. फर्निचर घ्यायचं नसलं तरी लाकडाबद्दल दोन गोष्टी शिकायला यासारखी जागा नाही.

झोपाळ्याचा रंग का उडतो?

नोकरीनिमित्त नोएडा, गुरुग्रामला आलेल्या अनेक मराठी घरांत गावाकडून आणलेली एक तरी लाकडी वस्तू असते. कधी आजीचा पाट, कधी देव्हारा, कधी झोपाळा. फ्लॅटमध्ये झोपाळ्याला जागा मिळते ती बाल्कनीतच. गावी माजघरात ज्याला 50 वर्षं काही झालं नाही, तो इथे दोन वर्षांत करडा पडतो, फळीला चिरा जातात, पॉलिशचे पापुद्रे निघतात. मग कोणीतरी म्हणतं, ‘जुनं झालं, काढून टाका आता.’ पण बहुतेक वेळा लाकूड चांगलंच असतं, बिघडलेला असतो तो त्यावरचा थर.

याला कारण दिल्लीची हवा. 29 मे 2024 ला सफदरजंगला पारा 46.8 अंशांवर गेला होता. जानेवारीत तोच तीन-चार अंशांपर्यंत उतरतो. मे-जूनमध्ये कोरडी लू लाकडातला ओलावा शोषून घेते, जूनअखेर पावसाळा येतो आणि तेच लाकूड पुन्हा फुगतं. फळी रुंदीत जास्त आकसते आणि फुगते, लांबीत फारच कमी. वरचा कडक थर या ओढाताणीला पुरा पडला नाही की तडकतो.

पण खरा शत्रू पाऊस नाही, ऊन आहे. लाकडाचे तंतू धरून ठेवणाऱ्या नैसर्गिक चिकट द्रव्याला लिग्निन म्हणतात. उन्हातले अतिनील किरण ते मोडून टाकतात. मग पाऊस ते धुऊन नेतो आणि उरतात करडे, सुटे तंतू.

चकाकी म्हणजे संरक्षण नव्हे

कीर्ती नगरच्या दुकानात चकाकणारी खुर्ची पाहिली की हात फिरवावासा वाटतो. तेव्हा एकच प्रश्न विचारा, ‘हे बाहेर ठेवलं तर चालेल का?’ बऱ्याचदा उत्तर ‘नाही’ असंच असतं, कारण प्रत्येक पॉलिशचं काम वेगळं आहे.

स्पिरिट पॉलिश म्हणजे लाखेचं पॉलिश. दिवाणखान्यात त्याला तोड नाही, पण पाणी पडलं की पांढरा डाग येतो. मेलामाइन पॉलिश कडक आणि सुंदर दिसतं, तरी तेही घरातल्यासाठीच. बाहेरच्या लाकडाला उघड्यावरच्या वापरासाठीचं पीयू पॉलिश किंवा बोटींना लावतात ते मरीन व्हार्निश घ्यावं. डब्यावर ‘एक्स्टिरिअर’ लिहिलेलं आहे का, ते पाहा. नुसतं पीयू म्हटलं म्हणजे ते उन्हात टिकेलच असं नाही.

दुसरा मार्ग तेलाचा. जवसाचं तेल किंवा बाजारात मिळणारं टीक ऑइल लाकडात मुरतं, वर थर धरत नाही, म्हणून त्याचे पापुद्रेही निघत नाहीत. चकाकी कमी, टिकाऊपणाही कमी, पण वर्षातून एक-दोनदा घरच्या घरी हात फिरवता येतो. आपल्या कोकणात होड्यांना आणि घराच्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावत, ते याच विचाराने. ते तेल मात्र कातडी भाजतं, उघड्या हाताने लावू नका.

आणखी एक गोष्ट. पारदर्शक पॉलिशमधून ऊन आरपार जातं. त्यात थोडा रंग असला की तो ऊन अडवतो. म्हणून भर उन्हातल्या बाल्कनीत लाकडाची नैसर्गिक छटा जपण्याच्या हट्टापेक्षा गडद छटा बरी.

जुन्या दारांची शिकवण

कीर्ती नगरहून मेट्रोने प्रगती मैदानाजवळच्या राष्ट्रीय हस्तशिल्प संग्रहालयात जा. सोमवारी ते बंद असतं. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या या वास्तूत एकामागून एक अंगणं आहेत. तिथली कोरीव दारं आणि झरोके नुसते पाहू नका, त्यामागची बुद्धी पाहा. जुन्या हवेल्यांत दार भिंतीच्या आत बसवलेलं असे, वर छज्जा, खाली दगडी उंबरा. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठवा. तोही दगडी कमानीच्या आत आहे. म्हणजे लाकडाचं पहिलं पॉलिश सावली असतं. तुमच्या बाल्कनीत बांबूची चिक लावली तरी झोपाळ्याचं आयुष्य वाढेल.

वेळ उरला तर लाजपत नगरजवळच्या अमर कॉलनीतही डोकवा. तिथे जुनं फर्निचर नव्याने घासून-पुसून विकतात. इथे शीशम खूप मिळतं, ते आपल्या शिसवाचं भावंड. सागवान आणि शीशम बाहेर तग धरतात. आंब्याचं लाकूड स्वस्त असतं, पण उघड्यावर लवकर कुजतं.

घरी करताना लक्षात ठेवा

पॉलिशसाठी दिल्लीत फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबर चांगला. पावसाळ्यात पॉलिश पांढरट पडतं, मे महिन्यात ते मुरण्याआधीच सुकतं. काम नेहमी सावलीत करा.

जुने पापुद्रे पूर्ण काढा. त्यावरच नवा थर दिला तर तोही सुटेल. आधी 120 नंबरच्या, मग 180 आणि 220 नंबरच्या पॉलिश पेपरने, रेषांच्या दिशेने घासा. सागवान तेलकट असतं, म्हणून पॉलिशआधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या.

जाड एका हातापेक्षा पातळ तीन हात बरे. फळीची कापलेली टोकं आणि खालची बाजू विसरू नका, पाणी सर्वांत आधी तिथूनच शिरतं. खुर्ची-टेबलाचे पाय ओल्या फरशीवर टेकू देऊ नका, खाली रबरी बूच लावा.

जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. फडकं पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्यात भिजवा.

पीयूच्या वाफा फुप्फुसांना घातक असतात. खिडक्या उघड्या ठेवा, लहान मुलांना लांब ठेवा. काम कारागिराला दिलं तर त्याच्याकडे चांगला मास्क आहे का, हेही विचारा. नाकावर नुसता रुमाल बांधून वाफ अडत नाही.

दरवर्षी मार्चमध्ये हात फिरवून पाहा. लाकडावर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब गोल राहिले तर थर शाबूत आहे. पाणी मुरून डाग गडद झाला तर पुन्हा एक हात देण्याची वेळ आली आहे. थर तडकण्याआधी दिलेला एक हात तासाभराचं काम आहे, तडकल्यावर सगळं खरवडायला दोन दिवस जातात.

नवा झोपाळा कीर्ती नगरमध्ये केव्हाही मिळेल. पण ज्यावर आजीने तुमच्या आईला जोजवलं, तो त्या बाजारात मिळणार नाही. म्हणून टाकून देण्याआधी त्याची एक फळी घासून पाहा. करड्या थराखाली सागवानाचा सोनेरी रंग बहुधा तसाच असतो.