अक्षरांची मुंडाशी

उदगीरच्या बसस्थानकावर तासभर थांबायची वेळ आली तर कंटाळू नका, दोस्तांनो. गाड्यांच्या पाट्या वाचा. वाचता आल्या नाहीत तर नुसत्या बघा! आपल्या एस.टी.वर देवनागरी, बीदरच्या गाडीवर कानडी. पुढे देगलूरला गेलात की तेलुगूही भेटते. माझी सहावीतली भाची बघता बघता म्हणाली, "मामा, आपल्या अक्षरांच्या डोक्यावर सरळ रेघ, यांच्या डोक्यावर वाकडी. असं का हो?"

तिथे काही मला नीट सांगता आलं नाही. सांगायला जागा मिळाली ती होट्टलला.

होट्टल हे नांदेड जिल्ह्यातलं, देगलूर तालुक्यातलं गाव. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं सिद्धेश्वराचं दगडी मंदिर इथे आहे. (कल्याणी म्हणजे कर्नाटकातलं आजचं बसवकल्याण.) लोक मूर्ती बघत फिरत होते, आम्ही मात्र कानडी शिलालेखापाशी बसकण मारली. आपल्या गावात कानडी कशी? अहो, चालुक्यांच्या दरबाराची भाषाच ती! आणि त्या काळी कानडी आणि तेलुगू लिपी एकमेकींपासून पुरत्या वेगळ्याही झाल्या नव्हत्या.

आता गंमत ऐका. सम्राट अशोकाच्या ब्राह्मी अक्षरांना डोक्यावर काहीच नव्हतं. नुसत्या उघड्या रेघा. पुढे लेखणी टेकवताना रेघेच्या टोकाला जाडसर खूण उमटू लागली आणि लोकांना ती आवडली असावी, कारण दगडातही ती कोरू लागले. इंग्रजी पुस्तकातल्या छापील अक्षरांना टोकाशी छोटे पाय असतात ना, 'सेरिफ' म्हणतात त्यांना, तशीच ही. वाकाटक राजांच्या ताम्रपटांत तर अक्षरांच्या डोक्यावर चक्क चौकोनी पेट्या! त्यांचा एक ताम्रपट १९३९ साली वाशीमला सापडला. त्यात 'नांदीकट' हे नाव आहे. ते आपलं नांदेडच, असं अभ्यासक मानतात.

उत्तरेत या खुणा रुंद होत होत एकमेकींना चिकटल्या आणि आपली शिरोरेषा झाली. कानडी-तेलुगूत त्या सुट्याच राहिल्या. तेलुगूतली तर मास्तर वहीत 'बरोबर'ची खूण करतात अगदी तशी! तिला म्हणतात 'तलकट्टु'. तल म्हणजे डोकं, कट्टु म्हणजे बांधणं. थोडक्यात, मुंडासंच की!

भाचीने खिशातून खडू काढला. अक्षरांत भरला की फोटो छान येईल, म्हणाली. मी तिचा हात धरला. तिच्याएवढा असताना मीही एका जुन्या दगडावरचा चुना खिळ्याने खरवडला होता. अक्षरांची पोटं राहिली, पण वरच्या बारीक रेघा गेल्या त्या गेल्याच. आता तो लेख कुणालाच धड लागत नाही. हे ऐकून तिने खडू मुकाट्याने खिशात टाकला. मग आम्ही कडेने तिरपा उजेड पाडून फोटो काढला. खडूपेक्षा सरस आला.

परतीच्या गाडीत तिने शिरोरेषा न देता एक शब्द लिहिला आणि वही माझ्यापुढे धरली. मी वाचलं, "घन."

"चूक!" ती म्हणाली. "धन आहे ते."